पाच नंबरचा निळा

लालसू आमच्या मागच्या खोलीत राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि सुतळीने बांधलेले बारा ब्रश होते. एकट्या माणसाला खोली द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. पण आधीचा भाडेकरू कोळसा खाणीतला होता, त्याची बदली झाली आणि खोली चार महिने रिकामी पडली. रिकाम्या खोलीत घुशी होतात. घुशीपेक्षा माणूस बरा, म्हणून दिली.

तो एटापल्लीकडचा माडिया आदिवासी. गाव जंगलात इतकं आत की गावाचं नाव सांगितल्यावर पुढे काय विचारायचं हेच सुचत नाही. आश्रमशाळेत बारावी झाला. चित्रकला हाताला होती, म्हणून आधी मोहर्लीला हॉटेलांच्या फाटकांवर वाघ रंगवायचा. लोक त्याच्या वाघाजवळ उभे राहून फोटो काढायचे म्हणे, कारण आत जंगलात पुष्कळदा वाघ दिसायचाच नाही. मग फ्लेक्स आला. याचा एक वाघ चार दिवसांत होई, मशीन एका दुपारी वीस वाघ काढी. लालसूने ब्रश बांधून ठेवले आणि मशीन शिकला. राजुऱ्याला प्रफुलच्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात लागला आणि माझ्याकडे आला.

माणूस शांत. दारू नाही, मोठ्याने मोबाइल नाही. भाडं मागायच्या आधी हातात. खरं म्हणजे इथेच मला पहिली शंका आली. दुसरी त्याच्या बोलण्याची. आम्ही इथे मले-तुले करणारी माणसं. हा म्हणायचा, "आजी, मला थोडे पाणी मिळेल का?" आश्रमशाळेच्या मास्तरांनी पुस्तकातून शिकवलेली भाषा ती, त्याची काय चूक. पण मला वाटे, इतकं स्वच्छ बोलणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं.

आणि मग ते कागद. रोज संध्याकाळी दुकानातून येताना त्याच्या हातात फ्लेक्सच्या लांबट पट्ट्या असायच्या. पट्टीवर रंगाचे छोटे छोटे चौकोन, ओळीने. प्रत्येकाखाली आकडा. रविवारी भर दुपारी हा गल्लीत जाऊन उन्हात उभा राही, पट्टी इकडून तिकडून फिरवून पाही आणि वहीत काहीतरी लिही.

शेजारची दीपिका एकदा भिंतीवरून म्हणाली, "मावशी, हा माणूस काऊन उन्हात कागद घेऊन उभा रायते?"

"दुकानाचं काम म्हणते."

"दुकानाचं काम दुकानात करतेत. गडचिरोलीकडचा आहे, एकटा आहे, आकडे लिवते. सांभाळून राहा."

मी मान हलवली. नाही म्हटलं नाही. आमच्या माणसांकडे लोकांनी असंच डोळे बारीक करून पाहिलेलं मी लहानपणी सोसलं होतं, पण ते त्या वेळी आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी त्याची खोली झाडायला म्हणून गेले आणि एक पट्टी काढून आणली. अठ्ठेचाळीस चौकोन होते, निळ्यापासून जांभळ्यापर्यंत. माझ्या पेटीत लुगड्याखाली ठेवली. पुरावा म्हणून. कशाचा, ते पुढे पाहू.

पण राहवेना. संध्याकाळी चहा दिला आणि विचारलंच, "हे डब्बे-डब्बे काय असते रे?"

तो खुश झाला. त्याला त्याचं काम कोणी विचारत नसावं. म्हणाला, "आजी, मशीनजवळ चारच शाया आहेत. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. बाकी सगळे रंग त्यांच्या बारीक थेंबांतून करायचे. प्रफुलभाऊंनी आता दुसरी शाई आणि फ्लेक्सचा दुसरा रोल आणला आहे. हा रोल जास्त शाई पितो. जुन्या मापाने सोडली की ओघळते, रंगही बदलतो. म्हणून कोणती शाई किती सोडायची, ते परत ठरवावे लागते. ठरले की मशीनमध्ये भरून ठेवायचे. त्याला प्रोफाइल म्हणतात."

"म्हणजे खडं मीठ सरलं अन् बारीक मीठ आणलं, त चमचा बदलते तसं?"

"अगदी तसे."

"अन् उन्हात काऊन जातो?"

"मोठ्या दुकानात रंग मोजायचे यंत्र असते. आमच्याकडे ऊन आहे."

मला सगळं समजलं आणि अर्धं पटलं.

ऑक्टोबर लागला. सोळा तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आमच्या वॉर्डाचा टेम्पो जातो आणि टेम्पोच्या पुढे बॅनर लागतो. आमच्या विहाराच्या समितीचे अध्यक्ष हरिदासभाऊजी, माझे चुलत दीर. मास्तर होते, अजूनही माणसाकडे पाहतात ते वही तपासल्यासारखं. ते म्हणाले, यंदा बॅनरचा निळा झेंड्याच्या निळ्यासारखाच पाहिजे, मागच्या साली दुसऱ्या दुकानाने आभाळासारखा फिक्का दिला होता आणि बाजूच्या वॉर्डाची पोरं हसली होती. काम प्रफुलला दिलं. लालसूने एका पट्टीवर आठ निळे छापले, एक ते आठ नंबर टाकून. गुलाबी शाई कुठे कमी, कुठे जास्त. यातला एक पसंत करून सही करा म्हणाला.

भाऊजी दुकानात जाणार होते. मीच अडवलं. "दुकानाच्या ट्यूबलाइटीत रंग पाहू नका. साडीच्या दुकानात मले तीस वर्सं फसवलं त्या लाइटीनं. माझ्या अंगणात या."

आले. समितीचे चौघं आणि मी, बाजेवर. लालसू पट्टी धरून उभा. दोनदा म्हणाला, "बाहेर गल्लीत जाऊ या, उन्हात बघू."

"काऊन? माझ्या अंगणात अंधार आहे का?" मी म्हटलं. मनात म्हटलं, आता याचं खरं दिसलं. उन्हात डोळे दिपवून याला भलताच रंग आमच्या गळ्यात मारायचा आहे.

सगळ्यांनी पाहिलं. तीन नंबर हिरवट वाटला. पाच नंबर पाहिल्याबरोबर सगळे म्हणाले, हाच. झेंड्याचाच.

लालसू म्हणाला, "आजी, पाचमध्ये गुलाबी जास्त आहे."

"तुह्या डोयात गुलाबी जास्त आहे," मी म्हटलं. सगळे हसले. तोही थोडा हसला आणि भाऊजींपुढे पेन धरला.

भाऊजींनी पाचवर पेनाने गोल केला, सही केली. मीही केली, रुखमा, एवढं येतं. एक पट्टी तो घेऊन गेला. तशीच दुसरी सहीची पट्टी मी माझ्याजवळ ठेवली, कारण ठेवायला माझ्यापेक्षा भरवशाचं कोणी तिथे मला दिसलं नाही.

तेरा तारखेला सकाळी विहारापुढे बॅनर उलगडला. बारा फूट. लख्ख ऊन होतं. बॅनर वांग्याच्या रंगाचा होता.

समितीचे चौघंही बॅनरभोवती फिरून आले. मग भाऊजी म्हणाले, "लालसू, हा रंग आम्ही पास केलता का?"

"पाच नंबरच आहे, सर."

"वांगे पास केले नवते आम्ही."

समितीतला सुनिल म्हणाला, "मुद्दाम केलं असन. मशीन याच्या हातात. याले आपल्या झेंड्याचं काय पडलं आहे?"

लालसूने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर दिलं नाही. मला वाटलं, खोटं असतं तर बोलला असता. पण लगेच वाटलं, खरं असतं तरी बोलला असता.

प्रफुल हात जोडून उभा होता. गिऱ्हाईक म्हणजे अख्खा वॉर्ड, त्याचा चेहराच उतरला होता. तो लालसूला म्हणाला, "सहीची पट्टी अन् हा बॅनर, रंग एकच निघाला त ठीक. नाई निघाला त उद्यापासून दुकानात येऊ नको. तुह्या जागी मी दुसरा पाहतो." मग माझ्याकडे वळला. "दुकानातली पट्टी याच्याच हातातली, ते कोणी मानणार नाई. बाई, दुसरी पट्टी तुमच्याजवळ आहे ना? आणा."

मी घरी निघाले. खोटं कशाला सांगू, चालीत जोर होता. इतक्या दिवसांचा माझा संशय वाया गेला नव्हता. पेटी उघडली, सहीची पट्टी काढली, अंगणात येऊन पाहिली. पाच नंबर छान निळा. झेंड्याचा निळा. म्हटलं, चोर सापडला.

फाटकाबाहेर आले आणि जाता जाता परत पाहिलं. पाच नंबर वांगं.

वाटलं, उन्हाने डोळे गेले. परत अंगणात आले. निळा. बाहेर गेले. वांगं. आत निळा, बाहेर वांगं. तिसऱ्यांदा आत आले आणि मान वर केली.

वर ग्रीन नेट होती. मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीत इथलं सगळं राजुरा अंगणावर हिरवी जाळी बांधतं आणि दिवाळीपर्यंत काढायचा कोणालाही उत्साह नसतो. माझी तर घट्ट विणीची, मी निवडून आणलेली. सगळा उजेड तिच्यातून हिरवा होऊन खाली येत होता आणि पट्टीवरची गुलाबी गिळत होता. म्हणूनच तो पोरगा दोनदा म्हणाला होता, बाहेर चला.

मी गल्लीत पट्टी हातात घेऊन उभी राहिले. भिंतीवरून दीपिकेने डोकं काढलं.

"मावशी, आता तुमी पण कागद घेऊन उन्हात उभ्या राह्यल्या का?"

मी पट्टी पदराखाली घेतली.

एक विचार आला, तो सांगते. पट्टी सापडली नाही म्हटलं तर? म्हातारी आहे, पट्टी हरवली, कोणी काही म्हणणार नाही. लालसूचं काम जाईल, तो पेटी घेऊन आला तसा जाईल. बाजेवर बसून त्याच्या डोळ्यात गुलाबी काढणारी बाई कोणाला आठवणार नाही. दर रविवारी विहारात हात जोडून मी चौथं शील म्हणते, खोटं बोलणार नाही. म्हणायला सोपं आहे. म्हणताना समोर बारा फुटी वांगं नसतं.

विहारापर्यंतची वाट त्या दिवशी फार लांब होती. मी पोचले ती सरळ बॅनरवर वाकले आणि पट्टीचा पाच नंबर त्यावर टेकवला. कुठे पट्टी संपते आणि कुठे बॅनर लागतो ते दिसेना.

"हा पाचच आहे," मी म्हटलं. "पोराचं काही चुकलं नाई. मी चुकली."

भाऊजींनी चष्मा लावला. वाकून पाहिलं. "मंग त्या दिवशी आपण काय आंधळे होतो का, वहिनी?"

"आंधळे नाई, भाऊजी. माझ्या नेटीखाली होतो."

पटलं नाही. सुनिल म्हणाला, "त्यानं पट्टीले काही लावलं असन." मग काय, अख्खी समिती माझ्या फाटकाशी. भाऊजी पट्टी घेऊन आत गेले, बाहेर आले. आत, बाहेर. चार वेळा. पाचव्यांदा बाहेर आले तेव्हा शाळेत गणित फळ्यावर उलटं सुटल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. लालसू फाटकाला टेकून उभा होता. एकदाही म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. सुनिलने त्याच्याकडे न पाहता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

भाऊजींनी गल्लीतच उन्हात आठही निळे परत पाहिले आणि तीन नंबरवर गोल केला. आधी लालसूला विचारलं, "बरोबर आहे ना?" मास्तर असून विचारलं. प्रफुलने दुकानाची किल्ली लालसूच्या हातात दिली आणि म्हणाला, "तूच उघड, मी मांगून येतो."

चौदाला नवा बॅनर झाला. सोळाला टेम्पोवर लागला. चंद्रपूरला बाजूच्या वॉर्डाची पोरं आमच्या टेम्पोपाशी येऊन विचारत होती, कुठे छापला.

वांगं मी मागून घेतलं. लालसूच्या खोलीचे पत्रे पावसात गळतात, त्यावर टाकलं. आता पाणी येत नाही.

वांगं पत्र्यांवर टाकलं त्या संध्याकाळी मी पेटीतून ती पहिली पट्टी काढली, अठ्ठेचाळीस चौकोनांची, आणि त्याच्यापुढे ठेवली. "हे तुही आहे. मी नेलती."

"मला माहीत होते," तो म्हणाला. "मी दुसरी छापली."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुमच्यावर लक्ष ठेवून होतो, आजी. रोज खोली झाडायला येता आणि झाडू बाहेरच राहतो. म्हणून तर पेटीला कुलूप लावायला लागलो."

मी पाहिलं. खरंच, पेटीला नवं कुलूप होतं. मोठं, पितळी. मी चहा ठेवायला उठले आणि म्हटलं, कुलूप चांगलं आहे, काढू नको.