तांब्याच्या घंगाळातली झाडं

"बाबा, तिलवाऱ्याचा पूल ओलांडला. येतेच." मुलीचा फोन. नागपूरची बस तिलवाऱ्याला आली म्हणजे ती तासाभरात घरात. आणि इकडे खिडकीत तिची झाडं तपकिरी होऊन लटकत होती.

एअर प्लांट म्हणतात त्यांना. माती नाही, कुंडी नाही. नायलॉनच्या दोऱ्यानं खिडकीत टांगलेली. सासर सोडून ती अधारतालला आमच्याकडे आली, तेव्हापासून तिनं जीव लावला तो फक्त त्यांना. जेवायला हाका माराव्या लागायच्या, झाडांना पाणी द्यायला कधी नाही. नागपूरच्या कोर्टात तारीख होती, मग मावशीकडे राहणार होती. जाताना मला म्हणाली, "बाबा, हफ्त्यातून एकदा थोडा वेळ पाण्यात बुडवायचं. मग उलटं धरून झटकायचं आणि पंख्याखाली सुकवायचं. गाभ्यात पाणी राहायला नको. और कुछ नहीं करना." एका झाडाच्या बुडाशी पिल्लू फुटलं होतं, तेही बोटानं दाखवलं.

मी हो म्हटलं. मग लू सुरू झाली, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, आणि पानांची टोकं वळली. मला वाटलं, पोरीला काय कळतं, तहानलीत बिचारी. आमच्याकडे आईचं तांब्याचं घंगाळ आहे, आणि तांब्याच्या पाण्याचे गुण मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलोय. झाडं रात्रभर त्यात बुडवली. पानं काळवंडली, म्हणून पुन्हा बुडवली. शेवटी मोबाइलवर वाचलं की या झाडांना तांबं म्हणजे विष. ते वाचून मी काय केलं, तर घंगाळ घासूनपुसून देवघराखाली सरकवलं. बायकोलाही बोललो नाही.

ती आली. बॅग दारातच ठेवून खिडकीशी गेली. एका झाडाला हात लावला, तर मधली पानं निखळून तिच्या बोटांत आली.

"हे काहून झालं?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लू किती चालून राहिली बाई. तुझ्या बाबांचीच पानं वाळून राहिली, तर झाडांचं काय घेऊन बसलीस."

ती हसली नाही. "नाही आई. माझंच काही चुकलं असेल. मेरे हाथ में कुछ टिकता ही नहीं. ते लोक बरोबरच म्हणत होते."

मी पेपर चाळत राहिलो. एका वाक्याचं काम होतं. मी पान उलटलं. ती सासरहून पहिल्यांदा घरी आली तेव्हाही तिनं मला नीट सांगितलं होतं, तिकडे काय चाललंय ते, आणि परत पाठवू नका म्हणूनही. मी तिला चहा पाजला, समजूत घातली आणि स्वतः गाडीत बसून परत सासरी पोचवून आलो. शहाणपणा केला असं वाटलं होतं. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

ती एकेक झाड सोडवून पिशवीत टाकत होती. पिल्लाचंही टाकलं. "फेकून येते."

"थांब," मी म्हणालो. "ती मी मारली."

मग सगळं सांगितलं. घंगाळ, रात्रभरचं पाणी, मोबाइलवर वाचलेलं. "तू सांगितलंस तसं मी केलं नाही. मागेही केलं नव्हतं. तू आली होतीस तेव्हा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

"आणि आत्ता मी स्वतःला बोलून राहिली होती, ते तुम्ही ऐकत होते?"

"हो."

मला वाटलं, आता ती बॅग उचलते. तिनं पिशवीत हात घातला, पिल्लाचं झाड काढलं आणि पिल्लू अलगद सोडवलं. ते अजून राखाडी हिरवं होतं. स्टीलच्या वाटीत फिल्टरचं पाणी घेऊन त्यात ठेवलं.

"याला तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं."

वाटीशी ती बराच वेळ बसून होती. मग पिल्लू उलटं धरून झटकलं, कोरड्या फडक्यावर ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पंखा लावा. कमीवर."

मी उठून पंखा लावला.