रद्दी जेवत नाही

वाचनालयात दोन गोष्टी न मागता साचतात: धूळ आणि सल्ले. धूळ रोज झाडता येते. सल्ले झाडण्याची सोय अद्याप निघालेली नाही, म्हणून त्यांचे किस्से होतात. किश्श्यांना कपाट लागत नाही, एवढेच समाधान.

मानोऱ्यातील आमचे वाचनालय लहान आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी त्याची मानद चिटणीस झाले. 'मानद' याचा अर्थ काम सगळे आणि मान उरेल तेवढा. ग्रंथपाल वानखडे माझा विद्यार्थी. झाडलोट करणारी कौसल्या राठोड जवळच्या तांड्यावरून येते. आणि देशमुख. देशमुख कुठल्याही पदावर नाहीत. तरी वर्तमानपत्रांच्या टेबलाचे ते तहहयात अध्यक्ष आहेत.

उंदरांनी संतचरित्रांचे अर्धे कपाट पचवले (वाचकांनी तेवढे कधी पचवले नव्हते), तेव्हा आम्ही मांजर ठेवले. तिचा जन्म जुन्या अंकांच्या ढिगावर झालेला, म्हणून वानखड्याने नाव ठेवले रद्दी. पुढे तिला एक पिल्लू झाले. ती पुरवणी. पुरवणी सर्वांची लाडकी होती. रद्दी मात्र माझ्या पायाशी बसे. मला न भिणारा गावातील तो एकमेव जीव.

श्रावण लागला आणि दोघींना सर्दी झाली. डोळे चिकटले, नाके वाहू लागली, दोघींनी अन्न सोडले. श्रावणात अन्न सोडणाऱ्याचे गावात कौतुक होते. यांचे कोणी केले नाही.

* * *

पहिल्या दिवशी टेबलाने निदान केले. एकाच्या मते नजर लागली होती. दुसऱ्याच्या मते जंत. तिसऱ्याने मोबाइलच्या टॉवरवर ठपका ठेवला. हा गृहस्थ स्वतःच्या गुडघेदुखीचा ठपकाही तेथेच ठेवतो. देशमुख शेवटी बोलले, कारण अध्यक्ष शेवटी बोलतात.

"बाई, पोहरादेवीले नवस बोला. मांजर उड्या मारते का नाही, पाहा!"

कौसल्या फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "नवस बोलाले काई लागत नाही, काका. फेडाले लागते. फेडसान तुमी?"

मी टेबलावर एक बशी ठेवली आणि 'मांजरांच्या औषधासाठी' एवढेच म्हणाले. त्या क्षणी आमच्या वाचनालयात वाचनसंस्कृती अवतरली. सगळे चेहरे वर्तमानपत्रांच्या आड गेले. देशमुखांनी आपले उलटे धरले होते!

* * *

वानखड्याने दोघींना पुस्तकांच्या खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. मी सोबत होते. नोंद करणाऱ्या माणसाला गाई-म्हशींची सवय; त्याने खोक्यात न डोकावताच केसपेपर पुढे ओढला.

"दूध देते काय?"

"नाही जी," वानखडे म्हणाला. "पिते."

"गाभण हाय?"

"उपाशी हाय."

त्या माणसाने खोक्यात पाहिले, आणि 'इतर' या रकान्यात नुसती खूण केली.

डॉक्टर समजूतदार निघाले. त्यांनी नाके पुसली, ताप पाहिला, औषध दिले. म्हणाले, "बाई, मांजराले वास नाही आला तं ते खात नाही. नाक साफ ठेवा. अन्न कोमट करून थोडं थोडं द्या. दूध नको. कोंबडीची कलेजी उकडा. मीठ, मसाला, कांदा, काईच टाकू नका. आन ध्यानात ठेवा, मांजराले उपास झेपत नाही. दोन-तीन दिवस पोट रिकामं राह्यलं, का लिव्हर जाते. मंग हाती लागत नाही."

मी मान हलवली. गळ्यातील तुळशीची माळही तिच्याबरोबर हलली असावी, कारण डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले आणि 'कलेजी' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

* * *

माझ्या धर्माची काळजी वानखड्याला माझ्याहून अधिक. तो वाशिमला गेला आणि स्वतःच्या खर्चाने मांजरांच्या खाद्याचे एक लहान पाकीट घेऊन आला. पाकिटावर गुबगुबीत पांढरे विलायती मांजर होते. रद्दीने बशी हुंगली, मागे सरली, आणि घाण झाकताना खरवडतात तशी पंजाने फरशी खरवडली. इतके संक्षिप्त परीक्षण मी कुठल्याही अंकात वाचलेले नाही.

उरलेले एका वाटीत टेबलावर राहिले. चहा घेताना देशमुखांचा हात तिकडे गेला. एकदा गेला, दोनदा गेला, मग जातच राहिला.

"बाई, शेव जरा नरम पडली, पन चव हाय! कोन आनली?"

मी पाकीट त्यांच्यापुढे ठेवले. आपल्याला इंग्रजी येते हे टेबलाला कळावे म्हणून ते मोठ्याने वाचू लागले. 'फिश' या शब्दापर्यंत आले आणि थांबले. श्रावण चालू होता.

देशमुखांनी पाकीट उलटवून बराच वेळ निरखले.

"बरं, एक्सपायरी तं बाकी हाय!" ते म्हणाले.

* * *

कलेजी आणायला शेवटी मलाच जावे लागले. वानखडे अनुदानाच्या कागदांसाठी पुन्हा वाशिमला गेलेला, कौसल्येच्या तांड्यावर सकाळी कार्य. वार सोमवार. श्रावणी सोमवार! कोंबडीच्या दुकानांच्या त्या गल्लीत मी जन्मात पाऊल ठेवले नव्हते. अशा दिवशी दुकान रिकामे असेल, निदान लाज कमी वाटेल, असा माझा हिशोब.

दुकानापुढे रांग होती.

रांगेतील बहुतेक माझे विद्यार्थी. शेवटी उभा होता तो तर आमच्या नामसप्ताहाचा कार्यकर्ता. मला पाहताच रांग सरळ झाली, प्रार्थनेला व्हायची तशी. दुकानदार सलीम, तोही माझाच. त्याने सुरी पाठीमागे लपवली.

"बाई... म्या काई नाही केलं!"

"पावभर कलेजी दे," मी म्हणाले. "मांजरासाठी. मांजर आजारी आहे."

रांगेने श्वास सोडल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.

"माहंई मांजर आजारीच हाय, बाई," पहिला म्हणाला.

"आमचं तं कालपासून उठलंच नाही!" दुसरा म्हणाला.

नामसप्ताहाच्या कार्यकर्त्याने डोळे मिटले. "आमच्या घरी दोन हायत," तो म्हणाला.

गावातील मांजरांवर अशी साथ आलेली मला ठाऊकच नव्हती. तीन किलो नेणाऱ्याला मी एवढेच विचारले, "मांजर आहे की वाघ?"

सलीमने माझी पुडी सर्वांत आधी बांधली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, दरसाल माहा श्रावण हे मांजरंच तारून नेतात!"

दुसऱ्या दिवशी हरिपाठाला माझ्या दोन्ही बाजूंना एवढी जागा सुटली होती, की कित्येक वर्षांनी मला पाय मोकळे करून बसता आले.

* * *

माझ्या घरच्या चुलीवर ती पुडी चढणार नव्हती. दुपारी कौसल्या परतली, तिने वाचनालयामागे तीन विटा मांडल्या. कलेजी उकडली, बोटांनी कुसकरली, आणि कोमट आहे तोवर चिमूटभर रद्दीच्या नाकाशी धरली.

"वास घे, माय. वास तं घे."

देव नैवेद्याचा केवळ वास घेतो, असे मी वर्गात सांगत आले. वास तरी घ्यावा म्हणून कोणी इतकी विनवणी करताना मी देवळातही पाहिले नव्हते.

पुरवणीने वास घेतला, कलेजी घेतली, बशीही चाटली. रद्दीने तोंड फिरवले.

मग सुई नसलेली पिचकारी आली. रद्दीला गुंडाळायला कापड हवे होते, आणि वाचनालयात बरे कापड एकच: पाहुण्यांच्या सत्काराची शाल. वानखड्याने तिला शालीत लपेटले. जबड्याच्या कडेने मी कलेजीचे पाणी थेंब थेंब सोडू लागले. देशमुखांना म्हटले, जरा पाय धरा. ते दोन पावले मागे सरले.

"नाई बाप्पा! हातात गेली तं पाप लागते."

देशमुखांच्या मते पाप हातांतून चढते. म्हणून त्यांनी जन्मभर हात खिशात ठेवले आहेत.

त्याच आठवड्यात झेंडावंदनाला इंझोरीहून पाहुणे आले. दुसरी शाल घेण्याची ऐपत नव्हती. वानखड्याने होती ती झटकली, उन्हात धरली, घडी घातली. पाहुणे भाषणात गहिवरले: "या शालीत मला मानोऱ्याच्या मायेची ऊब जाणवते!"

आणि तीनदा शिंकले.

"माया नाही," माझ्यामागे कौसल्या पुटपुटली, "केस हायत."

* * *

पिचकारीवर आठ दिवस गेले. रद्दी उचलली की हातात एखाद्या दिवाळी अंकाएवढे वजन लागे. डॉक्टर स्वतः येऊन गेले.

"नाक मोकळं झालं, ताप नाही. आता तिनं आपल्या मनानं खाल्लं पाह्यजे, बाई. पिचकारीनं किती दिवस ओढसान? आज नाही खाल्लं, तं मी पुढचं काई सांगत नाही."

ती श्रावण शुद्ध एकादशी होती. माळ घातली तेव्हापासून मी एकही एकादशी मोडलेली नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही. वाचनालयाच्या दारातील फळ्यावर वानखडे रोज सकाळी खडूने तारीख, तिथी आणि सुविचार लिहितो. तो स्वतः बुद्धविहारात जातो, तिथीशी त्याला कर्तव्य नाही. पण अर्धा गाव त्या फळ्यावर पाहून उपास धरतो, म्हणून त्याची तिथी कधी चुकलेली नाही.

दुपारचा एक वाजला. कौसल्येने कोमट कलेजी पुढे ठेवली. रद्दीने हुंगली, आणि माझ्याकडे पाहिले. पुन्हा हुंगली, पुन्हा पाहिले.

"बाई," कौसल्या म्हणाली, "तुमचा डबा काहून बंद हाय?"

"श्रावणात मी एकदाच जेवते. संध्याकाळी. आणि आज तेही नाही."

"हां. तरीच!"

"तरीच काय?"

"एक वाजला का तुमी डबा उघडत जा, आन थे तुमच्या पायाशी बसून खात जाय. वर्सभर हेच. एकटीनं खाताना पाह्यलं कोनी तिले? श्रावण लागला, तुमचा डबा बंद झाला. तिचाई झाला."

वानखडे लगबगीने पुढे झाला. "बाई, आज एकादशी हाय. तुमी राहू द्या, मी बसतो." त्याने आपला डबा उघडला, रद्दीशेजारी मांडी घातली आणि चांगले चार घास खाल्ले. रद्दीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

कौसल्येने स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. ज्वारीची भाकर आणि ठेचा. ठेच्यात लसूण होता. चातुर्मासात मी लसणाला शिवत नाही. वानखडे जमिनीकडे पाहत राहिला.

मी खुर्ची टेबलाशी ओढली. माळेला हात लावला. भाकरीचा तुकडा मोडला.

पहिल्या घासाला रद्दीचे कान उभे राहिले. दुसऱ्याला तिने मान खाली घातली. तिसऱ्याला बशीतून जिभेचा आवाज आला.

मग वानखडे हळूच उठला आणि दाराकडे गेला. फळ्यावर खडू ओढल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात बाहेर देशमुखांच्या चपला वाजल्या. त्यांचाही उपास होता. तो सकाळपासून टेबलावरील प्रत्येकाला कळवण्यात आला होता. ते फळ्यापुढे थबकले.

"वानखडे, आज बारस हाय?"

"फळ्यावर काय लिह्यलं हाय, काका?"

"बारस."

"मंग?"

"आन मी सकाळपासून उपाशी मरून राह्यलो! सकाळी तं इथंच एकादस वाचली होती म्या!"

ते तावातावाने आत आले. त्यांनी माझ्यापुढचा डबा पाहिला. भाकर पाहिली. ठेचा पाहिला. खाली रद्दी बशी फरशीवर ढकलत खात होती.

"बाई, तुमी सांगा. तुमच्या तोंडून खोटं निघत नाही. आज एकादस हाय का बारस?"

तोंडात घास असताना बोलू नये, हे मी शाळेत तीस वर्षे शिकवले आहे. मी आणखी एक घास घेतला.