भावाच्या पायाला हात

फरवानियातल्या त्या दवाखान्यात सुरेखाताईंनी एकच शिस्त पाळली होती: वरच्याने सांगायचं, आपण करायचं. संगमेश्वरची ही नर्स कुवेतला आली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. डॉक्टर आले नि गेले, ताईंचं कधी काही अडलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र त्यांच्या नशिबी कोच आली आणि त्यांची मतीच गुंग झाली.

कोच म्हणजे अलिना नावाची तरुण मुलगी. ती कुठल्याशा दूरच्या शहरात बसायची आणि दर सोमवारी लॅपटॉपवर उगवायची. दवाखान्याचं काम सुधारायला तिला नेमलं होतं, आणि ताईंच्या वाट्याला आली होती मधुमेहाच्या पेशंटच्या पायांची तपासणी. लोक रक्त द्यायचे, गोळ्या न्यायचे, पाय दाखवा म्हटलं की निम्मे पसार. आता ही बाई उपाय सांगेल म्हणून ताई सरसावून बसल्या. बाईने उलट त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ताईंना वाटलं, परीक्षा घेतेय. पुढच्या सोमवारी त्यांनी मान खाली घालून सांगितलं की खोलीबाहेर मोठी पाटी लावली, पण काडीचा उपयोग झाला नाही. तर अलिना खूश. छान, एक गोष्ट तरी कळली, म्हणाली. नापास झालेल्याला पेढे वाटणारी मास्तरीण ताईंनी बापजन्मात पाहिली नव्हती. घरी लेकीला, अबोलीला विचारलं, तर ती फोनमधून मान न काढता म्हणाली, "आई, शी इज नॉट योर टीचर." मग आहे तरी कोण, हे काही तिने सांगितलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं, पण त्या पसार होणाऱ्यांत हरिश्चंद्र होता. ताईंच्या शेजारच्या गावचा, मीना अब्दुल्ला भागातल्या कारखान्यात वेल्डर, दिवसभर जाडजूड बुटांत उभा. ताईंना सख्खा भाऊ नाही, त्या दर दिवाळीला ह्यालाच ओवाळायच्या. त्याची साखर कायम चढलेली, अलीकडे चालही बिघडलेली. ताईंनी पाय कापलेली माणसं इथून परत जाताना पाहिली होती. पाय गेला की काम गेलं, आणि काम गेलं की मुलूख गाठायचा. आणि हा बाबा आपला 'पाय ठणठणीत आहेत' म्हणत सटकायचा.

शेवटी एका सोमवारी ताई वैतागून बोलल्याच, लोक का पळतात ते मला कळत नाही.

"तुम्ही त्यांना विचारलंय का?" अलिना म्हणाली.

इतक्या वर्षांत ताईंनी पेशंटना रागावलं होतं, समजावलं होतं, विचारलं मात्र नव्हतं.

त्या शुक्रवारी हरिश्चंद्र गोळ्या न्यायला आला, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं.

"ताई, तुमी मला भाऊबीजेला ओवाळता," तो म्हणाला. "त्याच हातानं माज्या पायाला हात लावनार? ह्ये पाप कुठं फेडू मी?"

ताई चक्रावल्या. त्यांच्या लेखी पाय म्हणजे हातासारखाच एक अवयव, धुवायचा, तपासायचा. पण थोरल्या बहिणीने धाकट्या भावाच्या पायाशी वाकणं त्यांच्या स्वतःच्या घरी तरी कुणी चालवून घेतलं असतं का? इतकी साधी गोष्ट, आणि ती आपल्या ध्यानात कशी आली नाही, ह्याचंच त्यांना नवल वाटत राहिलं. बाकीचे कशामुळे पळत होते ते देव जाणे. आता एकेकाला विचारणं आलं.

"मग आधी तू माझ्या पाया पड," त्या म्हणाल्या. "फिट्टंफाट."

हरिश्चंद्र हसला. त्याने वाकून नमस्कार केला, नाइलाजाने बूट-मोजे काढले आणि खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. मग डोळे गच्च मिटून घेतले. हात लावायच्या आधी सांगा, म्हणजे मी देवाचं नाव घेतो, असं त्याने बजावलं. ताई गुडघ्यांवर बसल्या. उजव्या अंगठ्याखाली जखम होती, चांगली खोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. त्यांनी तिच्या भोवतीने हलकेच दाबून पाहिलं, मग जरा जोरात.

हरिश्चंद्र डोळे मिटून वाट बघत होता.

"लावला का हात, ताई?" त्याने विचारलं.

ताईंची बोटं केव्हाची त्याच्या तळव्यावर होती.

"आता लावते," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी डॉक्टरांसाठी घंटी दाबली.