मुळं बघून घेतलेलं झाड

गळ्यातली मोजपट्टी काढायची आठवण कधी राहत नसे, म्हणून शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळे टेपकाकू म्हणत. बाजारात, बँकेत, इतकंच काय, भाचीच्या लग्नातल्या फोटोतही ती पट्टी लटकलेली दिसे.

त्यांना ऑर्किडचं वेड लागलं ते एका गिऱ्हाइकामुळे. पडदे शिवायला टाकायला आलेल्या त्या बाईंच्या हातात फुलं झडलेली एक कुंडी होती. "मेलंय हे. जाताना कचऱ्यात टाकते," त्या म्हणाल्या. काकूंनी ती मागून घेतली आणि मशीनजवळच्या खिडकीत ठेवली. काही महिन्यांनी पानाखालून हिरवी दांडी डोकावली. त्या दिवशी आनंदाच्या भरात काकूंनी एका ब्लाउजची डावी बाही उजवीकडे लावली.

मग काय, खिडकी भरली, तिच्याखालचं स्टूल भरलं. फक्त ऑर्किडचीच एक नर्सरी शहराबाहेर आहे हे कळल्यावर तर त्यांनी नवऱ्यामागे भुणभुणच लावली. काका पंप दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी घरातून हलणं त्यांच्या जिवावर यायचं.

"एकच झाड घ्यायचं," गाडी काढताना त्यांनी बजावलं. "आणि मी आत येणार नाही."

"नकाच येऊ. तुम्ही बरोबर असलात की नुसतं 'चल, चल' ऐकावं लागतं."

हिरव्या जाळीच्या छपराखाली पाऊल टाकलं आणि ओलसर उबेनं काकूंचा चष्मा धुरकटला. पुसून बघतात तर डोक्याच्या वर टोपल्याच टोपल्या, त्यांतून हवेत लोंबणारी मुळं, आणि फुलं तरी किती तऱ्हेची! एक नखाएवढं, एक तळहाताएवढं. एकाची पाकळी थेट मखमल, दुसऱ्याची साटीन. काकूंची बोटं आपोआप कापड तपासल्यासारखी हलायला लागली.

नर्सरीवाल्या बाई मात्र घामाघूम होऊन नळीनं पाणी मारत होत्या. "आजच पंप बसलाय," त्या म्हणाल्या. "सगळे फवारे बंद. मेकॅनिक उद्या येणार."

"आमचे हे पंपाचंच काम करतात," काकू म्हणाल्या. "बाहेर गाडीत झोपलेत."

काका कुरकुरत उठले, पण पंप दिसल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या आणि डिकीतली हत्यारं आणली. काकूंना हवं तेवढं हिंडायला मिळालं. एक झाड निवडलं, ते ठेवून दुसरं घेतलं, मग पहिल्याकडे परत गेल्या. शेवटी दोन्ही उचलली. तेवढ्यात वरून बारीक तुषार सुटले. पानं न् पानं चकाकली, काकू चिंब झाल्या आणि तशाच उभ्या राहून हसत सुटल्या.

काका पैसे घेईनात. "मग आवडेल ते झाड न्या," नर्सरीवाल्या बाईंनी हट्टच धरला.

फुलांच्या रांगांवरून नुसती नजर टाकत काका पार टोकाला गेले. तिथल्या टोपलीत फूल नव्हतं, पानंही बेताचीच. खाली जाड, हातभर लांब मुळं तेवढी लोंबत होती.

"हे."

"अहो, त्याला काहीच नाही."

"पाइपलाइन बघ ना. इतकी चांगली पाइपलाइन फुकट जात नाही."

बाई खुदकन हसल्या. "हे वांडा जातीचं ऑर्किड. मातीबिती काही लागत नाही, पण मुळं रोज भिजवायला हवीत."

"भिजवीन."

परतताना झाडं मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली. काका प्रत्येक खड्डा चुकवत होते. "लग्न करून मला आणलंत, तेव्हा नव्हती एवढी हळू चालवली," काकू म्हणाल्या. काका गालातल्या गालात हसले, पण वेग वाढवला नाही.

टोपली बाल्कनीत टांगली गेली. चहाच्या आधी बादली घेऊन मुळं भिजवायची, हे काकांचं काम ठरलं. काकूंनी मदतीला हात पुढे केला तर म्हणत, "तू तुझी बघ."

पुढच्या वर्षी त्यातून दांडी निघाली आणि एका सकाळी निळीजांभळी फुलं उमलली. काकांनी बादली खाली ठेवली, गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गंभीरपणे सांगितलं, "आज जरा उशीर होईल. घरी काम निघालंय."

मग त्यांनी बाल्कनीत दोन खुर्च्या ओढल्या आणि काकूंना हाक मारली.