जमादार गुलाबसिंगांचा संसार

धर्मापुरीच्या ठाण्यावर माझी बदली झाली तेव्हा मी नाईक होतो. निजामाच्या फौजेत सात वर्षं झाली होती. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येत असल्यामुळे ठाण्याची रोजनिशी माझ्याकडे आली आणि सगळे मला मुन्शी म्हणू लागले. आम्ही बारा जण होतो. सात शीख, पाच मराठी. कमांड जमादार गुलाबसिंगांकडे होती. जन्म नांदेडचा, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच बोलत.

आदल्या हिवाळ्यात प्लेगने माझी बायको नेली होती. पाच वर्षांची मुलगी गेवराईला बहिणीकडे होती. मी तिला भेटायला एकदाही गेलो नव्हतो.

जमादार पहाटे चारला उठत. आंघोळ, मग पाठ. साडेपाचला विहिरीवरून दोन घागरी स्वतः आणत. सहाला रोलकॉल. सिपायांच्या लाईनीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे पत्नी बिशनकौर आणि दोन मुलगे, एक चार वर्षांचा, एक रांगता. खांद्यावर घागर घेतलेला जमादार गावाला नवीन होता. पाटील एकदा म्हणाला, "जमादारसाहेब, घरात बाई हाय न्हवं?"

"हाय की. तिलाबी दोनच हात हाईत."

त्या घरी रोज कोणीतरी जेवायला असे. वाटसरू, आजारी सिपाही, कधी मी. पंगतीत जमादार सगळ्यांबरोबर जमिनीवर बसत.

ठाण्यासमोर जुनं देऊळ आहे. पावसाळा संपता संपता तिथे एक भगव्या वस्त्रातला माणूस येऊन राहिला. लोक त्याला महाराज म्हणत. मी संध्याकाळी फुलं घेऊन जाऊ लागलो. तो थोडं बोलत असे आणि पुष्कळ ऐकत असे. बायकोच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. ऐकताना त्याचे डोळे भरून आले. मी मनाशी ठरवलं की फौजेतून नाव कापून घ्यायचं आणि याच्या मागे जायचं. दाढी करायचं सोडलं.

जमादारांच्या ते लक्षात आलं.

"काय बे मुन्शी, दाढी वाढवून मोक्ष मिळाला असता तर आमी सगळे कवाच वर गेलो असतो."

सिपाही हसले. मी हसलो नाही. मग ते जवळ बसले.

"आमच्या पहिल्या गुरूंनी लई मुलूख पाह्यला. डोंगरातले जोगी पाह्यले. शेवटी घरी येऊन नांगर धरला. बायकापोरं संभाळली. नाव घ्यायचं, कष्ट करायचे, ताटातलं वाटून खायचं. हे घरात र्‍हाऊनच होतं. डोंगरात कोणाला वाटून देशील?"

"माझं घर राहिलं नाही," मी म्हणालो.

"गेवराईला कोण हाय मग?"

मी बंदुकीचा पट्टा पुसू लागलो.

"घर म्हंजे ठाणं. रिलीफचा माणूस आल्याबिगर सोडायचं न्हाई. सोडलं तर त्याला आपल्यात काय म्हणत्यात ते तुला ठाऊक हाय."

मला राग आला. संसारी माणसाला दुःख काय कळणार, असं वाटलं. त्याच आठवड्यात महाराज भिक्षेला जमादारांच्या दारी आला. धाकटा रडत होता. महाराजाने त्याला उचललं, पोटावर पालथा धरला, पाठीवर दोन थापा दिल्या. पोर गप्प झालं. तो गेल्यावर बिशनकौर म्हणाल्या, "मुन्शीभाऊ, ह्याला लेकरं हाईत."

"भाभी, साधूला सगळीच लेकरं आपली."

"तसं न्हाई. हात सांगतो."

मी ते सोडून दिलं.

पावसाळ्यात बालाघाटच्या डोंगरात धरलेला भिवा नावाचा दरोडेखोर तेव्हापासून आमच्या कोठडीत होता. त्याला अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला पोचवायचा हुकूम आला. भिवाची माणसं गाडीरस्त्यावर टपून असतील म्हणून जमादारांनी ओढ्याची वाट ठरवली. हे हवालदाराला सांगितलं आणि मला, कारण हुकूम मी लिहिला.

त्या संध्याकाळी मी देवळात गेलो. महाराजाला म्हणालो, उद्या फुलं आणता येणार नाहीत. त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. पहाटे सहाला निघणार, सहा जण, ओढ्याच्या वाटेने. गुरूपासून काय लपवायचं, असं वाटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सहाला निघालो. जमादार, मी, चार सिपाही. मध्ये भिवा, हातात बेड्या. आठ वाजून दहा मिनिटांनी ओढ्यात उतरलो आणि दोन्ही काठांवरून गोळ्या आल्या. सिपाही मेहेरसिंग सगळ्यांत आधी पडला. आम्ही दगडांआड झालो.

डाव्या काठावरून कोणीतरी ओरडलं, "मुन्शीला मारू नका! मुन्शी, तू बाजूला हो!"

तो आवाज मी ओळखला. झुडपात महाराज उभा होता. अंगावर बंडी, हातात बंदूक.

सगळ्यांनी ऐकलं. जमादार माझ्यापासून दहा हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुन्शी, डावा काठ. तीन राउंड. फायर."

दुसर्‍या कोणाला दिला असता तसाच हुकूम. मी फायर केलं. तिन्ही गोळ्या वाया गेल्या.

सिपाही तुकाराम साडेआठच्या आत गेला. जमादारांना पोटात गोळी लागली. भिवाला घेऊन ते लोक डोंगराकडे पळाले. जमादारांनी विचारलं, "राउंड किती?" मी सांगितलं, चौदा. "पुरे," म्हणाले. साडेनऊला त्यांचा श्वास थांबला. त्या तासाभरात ते मला दुसरं काही बोलले नाहीत.

चौकशीत कळलं की महाराज हा भिवाचा थोरला भाऊ. डोंगरातल्या वाडीत त्याची बायको होती, तीन मुलं होती. त्याने घर सोडलंच नव्हतं. भावाला सोडवायला भगवं नेसला होता. मी मात्र त्याच्यासाठी माझी मुलगी सोडायला निघालो होतो. माझ्या बायकोसाठी त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरं होतं की खोटं, हे मला अजून ठरवता येत नाही. खरं असेल तर जास्तच वाईट.

वाटेची बातमी कशी फुटली, हे चौकशीत मला कोणी विचारलं नाही. जिवंत राहिलेले दोघे सिपाही ओढ्यातल्या त्या हाकेबद्दल कधी बोलले नाहीत. माझ्याशीही फारसं बोलले नाहीत.

अस्थी घेऊन मी बिशनकौरांबरोबर नांदेडला गेलो. गोदावरीच्या काठावर त्यांना सगळं सांगितलं. थोरला मुलगा पाण्यात खडे टाकत होता. त्यांनी त्याला काठावरून मागे ओढून घेतलं.

"हे पोरांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "बाप गेला. आता काकाबी नको जायला. मी हाय तवर सांगू नका."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघून घेईन."

परतताना मी वाट वाकडी करून गेवराईला गेलो आणि मुलीला घेऊन आलो. बिशनकौरांनी नांदेडला शिवणकाम करून दोन्ही मुलं वाढवली. दर दिवाळीला मी जात असे. मुलं मला मुन्शीकाका म्हणत. त्यांच्या लग्नांत मी पाहुण्यांना पाणी वाढलं. त्या माझ्याशी कधी वाईट बोलल्या नाहीत. माझ्याकडे सरळ पाहूनही कधी बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात बिशनकौर गेल्या.

त्या ओढ्यात सिपाही मेहेरसिंग, सिपाही तुकाराम आणि जमादार गुलाबसिंग पडले. मेहेरसिंगाचं लग्न ठरलं होतं. तुकारामाच्या मागे म्हातारी आई होती. जमादारांच्या मागे तुम्ही दोघे. तुमच्या वडिलांना कोणी मारलं, ते तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. वाट मी सांगितली होती.