बंद दाराचे कुशल

मर्गिलान शहरातल्या त्या मोहल्ल्यात हमरोकुल बोबोंइतका अगत्यशील म्हातारा दुसरा नव्हता. चाळीस वर्षे तंदुरापुढे रोट्या भाजलेले हे गृहस्थ आता रोज चहाखान्याकडे निघत आणि दर शंभर पावलांवर थांबून, छातीवर हात ठेवून, भेटेल त्याची विचारपूस करीत. गाय कशी आहे, सून कशी आहे, सुनेचे गायीशी जमते ना. लोक गहिवरत. असा प्रेमळ जीव पाहून मोहल्ल्याने त्यांना वडीलकीचा मान द्यायचे ठरवले.

आता परमेश्वराची लीला पाहा! प्रेम हृदयात होते, पण थांबवत होती ती डावी पोटरी. शंभर पावले झाली की ती अशी आवळे, की बोबोंना जगातल्या यच्चयावत गायींविषयी जिव्हाळा दाटून येई. दोन मिनिटांत कळ ओसरे, जिव्हाळाही ओसरे, आणि उत्तर अर्धवट ऐकूनच बोबो पुढे निघत.

त्यांना पकडले डॉक्टर झुलखुमोर यांनी. दवाखान्याच्या खिडकीतून त्यांनी पाहिले, बोबो एका बंद दाराला अदबीने कुशल विचारत होते. त्या घरची माणसे दोन वर्षांपूर्वीच घर सोडून कझानला गेली होती.

डॉक्टरांनी त्यांना आत घेतले. पाऊल गार, अंगठ्यावर निखाऱ्याशी शेकताना भाजल्याची जखम, महिनाभर न भरलेली, पावलाची नाडी बोटाला लागेना. दंडाचा रक्तदाब मोजला, मग घोट्याचा. घोट्याचा निम्मासुद्धा नव्हता.

"बोबो, पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात. शेकणं बंद. जिभेखालची ती हिरवी तंबाखू, तुमची नस्वाय, तीही बंद. गोळ्या रोज घ्यायच्या. जखम भरली की चालायचं. कळ आली की थांबायचं, पुन्हा चालायचं."

"पाय राहील ना, पोरी?"

"नस्वाय राहिली तर पाय जाईल. दोघांतलं एक ठेवा."

"नस्वाय कधी दुखली नाही गं मला," बोबो हळहळले.

त्यांची बायको सनोबर हिने तंबाखू ठेवायचा छोटा पोकळ भोपळा त्याच दिवशी शेणात रिकामा केला. बोबोंनी सुतक पाळावे तसे तोंड केले, पण पथ्य पाळले. जखम भरली, मग ते चालू लागले. तुती पिकली तेव्हा ते चहाखान्यापर्यंत एका दमात गेले, कोणाकडेही न बघता.

मोहल्ला दुखावला. वडीलकीचा मान दुसऱ्यालाच गेला.

"लोक म्हणतात, तुम्ही माजलात," सनोबरने घरी सांगितले. "गायीचंसुद्धा विचारत नाही म्हणे."

बोबोंनी मोजा काढला आणि भरलेला अंगठा तिच्यापुढे धरून हलवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी ते वाटेत एकदाच थांबले. पोटरी दुखत नव्हती. त्या बंद दारापुढे त्यांनी छातीवर हात ठेवला, मान लववली, आणि या खेपेस उत्तरासाठीही थोडे थांबले.