दोरीचं दुसरं टोक

दुपारी झोपायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, आणि शैलाचं डोकं नेमकं दुपारीच शिलाई मशीनवर कलतं आहे. चाळीस दिवस झाले, रात्री डोळ्याला डोळा नाही. काल सुई बोटातून आरपार गेली, तेव्हा कुठे बाईंनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता सगळं सांगितलं. संध्याकाळचा चहा बंद, अंथरुणात मोबाइल नाही, रोज ठरल्या वेळी आडवं व्हायचं. शेवटी विचारलं, "मनाला काही लागलंय का?" "छे हो," शैला म्हणाली. शेजारच्या इंदूताईंनी दुधातून जायफळ पाजलं, तळपाय चोळले. झोप फिरकली नाही. फिरकणार कशी? ही बाई झोपेलाच घाबरते आहे.

सासू, चांगुणाबाई, दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. डावं अंग गेलेलं, वाचा गेलेली. नवरा तिकडे तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात, घरात या दोघीच. मग शैलानं युक्ती काढली. सुती दोरीचं एक टोक सासूच्या धड राहिलेल्या उजव्या मनगटाला, दुसरं स्वतःच्या मनगटाला. ओढ लागली की उठायचं. म्हातारीनं त्या दोरीचं पुरेपूर सार्थक केलं. पाणी हवं, ओढ. कूस बदल, ओढ. फाटकाला कडी लावलीस का, ओढ! शेवटच्या रात्री सातव्यांदा उठून शैलानं दोरी पुन्हा बांधली आणि ती कडाडली, "आत्याबाई, एक रात्र तरी झोपू द्या हो मला!"

जाग आली ती तोंडावर ऊन आल्यावर. आत्याबाई गार पडल्या होत्या आणि त्यांच्याकडचं टोक जमिनीवर लोळत होतं. आपण रागाच्या भरात गाठ सैल मारली, त्यांनी ओढलं आणि दोरी निसटली, हे तिच्या मनानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. दोरी गुंडाळून मशीनच्या खणात कोंबली, ती पुन्हा पाहिली नाही.

आता मशीनचं चाक पायाशिवायच फिरतं आहे. शैलाला ते थांबवायचं आहे, पण हात उचलत नाही. गालाखालचं ब्लाऊजचं कापड गार लागतं, मग ते दवाखान्यातलं बाकडं होतं. बाकड्यावर शेजारी कुणीतरी डोक्यावरून पदर घेऊन बसलं आहे. मशेरीचा वास येतो.

"डाक्टरनं इचारलं तवा खोटं का बोललीस गं?"

आत्याबाई बोलतात! दीड वर्षांनी तोच खणखणीत आवाज.

"खोटं कुठं?" ती पुटपुटते. "चहा सोडलाय मी."

"च्याचं काय सांगतीस मला? च्या पिऊन आमी जल्मभर घोरलो."

शैलाला हसू येतं आणि लगेच सरतं, कारण मनगटाला काहीतरी आवळतं आहे. दोरी. ती दोरी बाकड्यावरून खाली उतरून दाराकडे गेली आहे, आणि दारापलीकडे दवाखान्याचं अंगण नाही, घरातली मधली खोली आहे. पलंग, त्याखाली पितळी तस्त, खिडकीत मशेरीची डबी. शैला आता खाली वाकळेवर आडवी आहे. दोरी ताठ आहे. वर बघायचं धाडस तिला होत नाही. आत्ता विचारतील, मी ओढत हुते तवा कुठं हुतीस? हा एक प्रश्न टाळण्यासाठी तिनं चाळीस रात्री जागून काढल्या आहेत.

आत्याबाई विचारत नाहीत. पलंग करकरतो, एवढंच.

शेवटी तिलाच राहवत नाही. "आत्याबाई, ओढलं होतं का हो तुम्ही? खरं सांगा. माझी गाठ सैल होती ना?"

"तुजी गाठ सैल?" वरून आवाज येतो. "शिवणारणीची गाठ ती. बैल बांधला तरी सुटायची न्हाई."

"मग?"

"वर बघ की."

शैला बघते. आत्याबाईंचा डावा हात निर्जीव पडला आहे. उजवं मनगट त्यांनी तोंडाशी नेलं आहे आणि मान हलवत, थांबत, दम घेत त्या काहीतरी करताहेत. लहान पोर दातांनी ऊस सोलतं तसं.

"काय करताय?" शैला ओरडते. "सोडू नका! मग मला कळणार कसं?"

"हळू बोल, बया. तू घोरतीयास. लई दिसांनी लागलीया झोप."

"आत्याबाई, नको!"

ताठ दोरी एकदम ढिली पडते.

शैला दचकून उठते. मान अवघडली आहे, गालावर ब्लाऊजच्या हुकाचा वण उठला आहे. उन्हं अजून उंबऱ्यातच आहेत. मशीनचा खण उघडा आहे आणि तिच्या मुठीत दोरी आहे. खण कधी उघडला, तिला आठवत नाही.

ती दोरी उजेडात धरते. एक टोक स्वच्छ पांढरं आहे, तिच्या स्वतःच्या हाताचं. दुसऱ्याचे धागे चघळून पिंजले आहेत, आणि वीतभर दोरी मशेरीनं काळी झाली आहे.

शैला ते टोक डोळ्यांना लावते आणि हुंदके देऊन रडते. मग तिथेच फरशीवर, भर दुपारी, दोरी मनगटाला गुंडाळून आडवी होते.